विश्लेषण : महात्मा फुले सरकारकडे मागणी कशी मांडत? बुलढाण्याच्या नागरिकांनी त्यातून काय घ्यावे?

निवेदन देताना छायाचित्र निघते, अर्जावर पोचेचा शिक्का बसतो आणि मग कित्येक महिने उत्तर येत नाही. ग्रामसभेत ठराव होतो, पण त्याचे पुढे काय झाले हे गावातल्या कुणालाच सांगता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील तेराही तालुक्यांतल्या वाचकांना हा अनुभव नवा नसावा. लोकप्रतिनिधींपर्यंत आणि कार्यालयांपर्यंत आपले म्हणणे पोहोचवायचे कसे, हा प्रश्न लोकशाहीपेक्षाही जुना आहे. सामान्य माणसाला मताचा अधिकारच नव्हता, त्या काळात महात्मा जोतीराव फुले यांनी तो चाळीस वर्षे हाताळला. त्यांनी अर्ज केले, नगरपालिकेत बसून एकट्याने विरोधी मत दिले, आयोगापुढे निवेदन मांडले आणि राजपुत्रासमोर शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले. त्यांच्या चरित्राकडे या एका अंगाने पाहिले तर काय दिसते?

फुले यांचा बुलढाण्याशी संबंध काय?

फुले यांची कर्मभूमी पुणे. त्या काळी बुलढाणा वऱ्हाडात होता. वऱ्हाडाचा कारभार इंग्रज हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत पाहत, म्हणजे मुंबई इलाख्याशी त्याचा प्रशासकीय संबंध नव्हता. तरीही दोन पुस्तकांनी हा जिल्हा फुले यांच्याशी जोडलेला आहे.

पहिले पुस्तक ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीलाच दोष द्यायला सुरुवात केली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये हे पुस्तक लिहून उत्तर दिले. पुस्तकावर टीकेची झोड उठली. फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू जाहीरपणे घेतली.

दुसरे पुस्तक चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेले फुले यांचे चरित्र. त्यांचे हे पहिले विस्तृत मराठी चरित्र मानले जाते. पुण्यात घडलेल्या आयुष्याची सविस्तर नोंद चिखलीत झाली, ही जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

जडणघडण कशी झाली?

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात फुलांचा व्यवसाय सांभाळल्यामुळे ‘फुले’ हे आडनाव रूढ झाले. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, पण माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, असे सांगणारे भेटले आणि शाळा सुटली. जोतीराव मळ्यात काम करू लागले.

गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी पाहून वडिलांचे मन वळवले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तिथे इंग्रजी आले. राज्यकर्त्यांच्या भाषेत अर्ज लिहिता येणे आणि त्यांचे कायदे, अहवाल स्वतः वाचता येणे, हा पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून झालेला अपमान, त्यानंतर १८४८ मध्ये भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा, सावित्रीबाईंनी पत्करलेले शिक्षिकेचे काम आणि त्यापायी दोघांना सोडावे लागलेले घर हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे.

अर्ज-विनंतीचा पहिला धडा कुठे मिळाला?

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा दिली जाई. इंग्रजांनी तो निधी चालू ठेवला होता. त्यातील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावी, असा अर्ज पुण्यातील काही सुधारकांनी १८४९ मध्ये तयार केला. सनातनी मंडळी खवळली. अर्ज देऊ पाहणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा अवघ्या विशी-बाविशीतील जोतीरावांनी वंचित समाजातील माणसे संरक्षणासाठी उभी केली आणि अर्ज पोहोचला.

या प्रसंगात पुढच्या कामाची रीत दिसते. मागणी मोघम नव्हती. सरकारने विद्येला उत्तेजन द्यावे एवढेच म्हणून अर्जदार थांबले नाहीत. अमुक निधी आहे, त्याचा वापर असा होतो आहे, त्यातला हिस्सा या कामाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. अर्जामागे माणसे आहेत हेही सरकारला दिसले.

शाळांचे काम वाढले, तसे सरकारचे लक्षही गेले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते फुले यांचा सत्कार झाला. आधी काम उभे करायचे आणि मग त्या कामाच्या आधारे सरकारशी बोलायचे, हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. १८६३ मध्ये त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. दुसऱ्यांनी काय करावे हे सांगण्यापूर्वी घरच्या हौदापासून सुरुवात झाली होती.

ठेकेदारीचा काय उपयोग झाला?

फुले व्यवसायाने शेतकरी, व्यापारी आणि कंत्राटदारही होते, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले होते. ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याची एजन्सीही त्यांच्याकडे होती. त्यामुळे बांधकाम खात्यात बिल कसे निघते, मजुराच्या हातात किती पडते, कुठला कारकून काय मागतो, हे त्यांना आतून माहीत होते. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत सरकारी खात्यांच्या कारभाराचे जे बारकावे येतात, त्यांना या अनुभवाचा आधार आहे.

गोऱ्या अधिकाऱ्याला मराठी येत नाही, तो आळसावलेला आहे, त्यामुळे खालचे कर्मचारी सांगतील तेच तो खरे मानतो, असे त्यांचे निदान होते. म्हणूनच खालच्या टेबलावर न अडकता, लेखी आणि थेट निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचण्यावर त्यांचा भर राहिला. इंग्रज सरकारवर त्यांनी गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला, असा आक्षेप त्यांच्यावर पुढे घेतला गेला. तो चर्चेचा विषय आहे. मात्र त्याच सरकारच्या शेतसाऱ्यावर, उधळपट्टीवर आणि शिक्षण खात्यावर त्यांनी जेवढी झणझणीत टीका केली, तेवढी त्या काळात थोड्यांनीच केली.

संघटना कशासाठी उभी केली?

१८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. लोकांचे प्रश्न अभ्यासून सरकारकडे निवेदने पाठवण्याची शिस्त या सभेने महाराष्ट्राला लावली. फुले यांचा आक्षेप वेगळ्या मुद्द्यावर होता. ज्या सभेत शेतकरी, माळी, महार, मांग बसत नाहीत, ती त्यांच्या वतीने कशी बोलणार, असे ते विचारत. निवेदन कुणाच्या नावाने दिले जाते आणि ते लिहिताना कोण हजर असते, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच उभा केला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. धार्मिक मध्यस्थाशिवाय विवाह, मुलांना शिक्षणासाठी मदत, गावोगाव सभा असे तिचे काम होते. १८७७ च्या भीषण दुष्काळात समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. त्यासाठी फुले यांनी लोकांकडे मदतीचे लेखी आवाहन केले. दुष्काळात माणसांचे काय हाल होतात, हे सरकारला सांगण्याचा अधिकार त्यांना या कामातून मिळाला.

नगरपालिकेत त्यांनी काय केले?

१८७६ मध्ये फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले आणि १८८२ पर्यंत राहिले. ते निवडून आले नव्हते. तेव्हा सदस्य सरकार नेमत असे. नेमलेल्या सदस्याने सरकारला दुखवू नये, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. फुले यांनी ती पाळली नाही.

गव्हर्नर जनरल पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभागृहापुढे आला. फुले यांचे म्हणणे असे की, हा पैसा करदात्यांचा आहे आणि तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च झाला पाहिजे. प्रस्ताव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडले, ते फुले यांचे. ते मत दिल्याने खर्च थांबला नाही, पण दीडशे वर्षांनी तो ठराव आपल्याला ठाऊक आहे तो त्या एका मतामुळेच.

दुसरे प्रकरण दारूच्या दुकानांचे. शहरात ही दुकाने वाढत होती आणि त्यात मजुरांचे संसार बुडत होते. १८ जुलै १८८० रोजी फुले यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका खर्च करते आणि दारूची दुकाने त्या खर्चावर पाणी फिरवतात, तेव्हा या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दारूचा परवाना देणे हे सरकारच्या अबकारी खात्याचे काम होते. दारूबंदी करा असे नगरपालिकेला सांगितले असते, तर ते आमच्या अधिकारात नाही, एवढ्या उत्तरावर विषय संपला असता. फुले यांनी नगरपालिकेच्या कामाशी जोडलेला मुद्दा पकडला आणि कराची मागणी केली.

तिसरे प्रकरण मंडईचे. पुण्यात भाजीबाजारासाठी भव्य दगडी इमारत बांधण्याची योजना पुढे आली. एवढी रक्कम इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणावर खर्च करावी, असे सांगत फुले यांनी तिला विरोध केला. इमारत झालीच. १८८६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने नगरपालिकेने ते नाव बदलले. आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव त्या इमारतीला मिळाले.

हंटर आयोगापुढील निवेदन एवढे महत्त्वाचे का?

१८८२ हे वर्ष अनेक अर्थांनी वळणाचे होते. मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांबाबतचा ठराव केला आणि निवडून आलेल्या सदस्यांसाठी वाट मोकळी होऊ लागली. बुलढाण्याच्या ताराबाईंचे पुस्तक याच वर्षी निघाले. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगही याच वर्षी नेमला गेला.

फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आयोगाला इंग्रजीत निवेदन सादर केले. निवेदन कसे असावे याचा तो नमुना आहे. त्याची रचना अशी :

आपण कोण : सुरुवातीला त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. मुलींच्या शाळा, अस्पृश्य मुलांच्या शाळा, रात्रशाळा आपण स्वतः चालवल्या, म्हणून या विषयावर बोलतो आहोत, असे स्पष्ट केले. सही करताना व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी ओळख दिली आणि पत्ता लिहिला जुना गंज पेठेचा.

अडचण काय : इलाख्यातील दहापैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, हा आकडा त्यांनी ठेवला. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, ही विसंगती दाखवली.

नेमके काय हवे : प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. त्यांना किमान बारा रुपये पगार असावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस. गावचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामे देऊन त्यांना जोडउत्पन्न द्यावे. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्य यांची प्राथमिक माहिती असावी.

पैसा कुठून : शेतसाऱ्यावर घेतल्या जाणाऱ्या लोकल फंडातील निम्मी रक्कम प्राथमिक शिक्षणावर खर्च करावी. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा. उरलेला भार प्रांतिक सरकारने घ्यावा.

देखरेख कशी : शाळेची वर्षातून एकदा होणारी तपासणी पुरेशी नाही, ती दर तीन महिन्यांनी आणि न कळवता व्हावी. गावच्या व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना इतर कामे इतकी असतात की, ही देखरेख त्यांच्यावर सोडून चालणार नाही.

निवेदन वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात येतील असे सगळे प्रश्न फुले यांनी आधीच ओळखले होते. हे करायचे कुणी, पैसा कुठून आणायचा, झाले की नाही हे पाहायचे कुणी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर होती.

मग मागण्या मान्य झाल्या का?

मुख्य मागणी मान्य झाली नाही. आयोगाने प्राथमिक शिक्षणाला महत्त्व दिले आणि त्याची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली. सक्ती मात्र स्वीकारली नाही.

पुढचा प्रवास लांबचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदे मंडळात विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये नगरपालिकांना अशी सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा झाला. देशभरात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो २००९ च्या कायद्याने, त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०१० पासून.

निवेदनाची तारीख आणि अंमलबजावणीची तारीख यांत १२७ वर्षांचे अंतर आहे. या काळात किती पिढ्या निरक्षर राहिल्या, याचा हिशेब कुठल्याच निवेदनात मावणार नाही. चांगले लिहिलेले निवेदन लगेच मान्य होते, असे फुले यांच्या चरित्रातून दिसत नाही. दिसते ते एवढेच की, नेमकी आणि लेखी मागणी नंतरच्यांना हाताशी धरता येते.

आयोगानंतर ते थांबले का?

नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. त्यात शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचे वर्णन आहे, तसे उपायही आहेत. डोंगरउतारावर आणि ओढ्यांवर बांध घालून पाणी व माती अडवावी, तलाव बांधावेत, बिनकामाच्या फौजेतील शिपायांकडून ही कामे करून घ्यावीत, शेतीची प्रदर्शने भरवावीत, चांगल्या जातीची जनावरे वाढवावीत, अशा सूचना फुले यांनी केल्या. पाणी अडवण्याची भाषा आज प्रत्येक सरकारी योजनेत आहे.

२ मार्च १८८८ चा प्रसंग प्रसिद्ध आहे. हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ ठेवला होता. बडी मंडळी दागदागिने लेवून आली होती. फुले शेतकऱ्याच्या साध्या वेशात आले आणि बोलायला उभे राहिले. इथे जमलेल्या श्रीमंतांवरून देशाची कल्पना करू नका, खरा देश खेड्यांत आहे, त्या लोकांना शिक्षण द्यावे एवढा निरोप राणीला सांगा, अशा आशयाचे ते बोलले. समोर राजपुत्र होता, वेळ थोडा होता. त्यांनी दहा मागण्यांची यादी वाचली नाही. एकच मागणी केली, तीही सहा वर्षांपूर्वी आयोगापुढे केली होती तीच.

अखेरचे दिवस कसे गेले?

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. तरीही त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. तो त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी चालू ठेवले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या.

आज बुलढाणा जिल्ह्यात या रीतीचा उपयोग कसा करता येईल?

फुले यांच्याकडे नसलेली साधने आज प्रत्येक मतदाराकडे आहेत. ती वापरताना त्यांच्या निवेदनातील क्रम उपयोगी पडतो.

दार कोणते, हे आधी ठरवा. गावातील दिवाबत्ती व गटारे ग्रामपंचायतीकडे, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे, शहरातील पाणी व कचरा नगर परिषदेकडे. लोणारसारख्या ठिकाणी तर शहराच्या सुविधा नगर परिषदेच्या, सरोवराचे अभयारण्य वन विभागाचे आणि दैत्यसूदन मंदिर पुरातत्त्व खात्याचे. चुकीच्या दारात दिलेले निवेदन फक्त पुढे पाठवले जाते. दारूच्या दुकानांबद्दल फुले यांनी नगरपालिकेकडे कर मागितला, तो याच जाणिवेने.

ग्रामसभा सोडू नका. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातील कमी असेल ती संख्या लागते. विषयपत्रिका आधी वाचा, आपला विषय लेखी द्या आणि ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहिला गेला की नाही ते पाहा. इतिवृत्तात नसलेला ठराव झाला असे कुणी मानत नाही.

आकडा आणि निधी दोन्ही लिहा. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावाला पिण्याच्या पाण्याबद्दल निवेदन द्यायचे आहे असे समजा. पाणी खराब आहे एवढेच लिहिले तर ते शेकडो अर्जांत मिसळून जाते. किती कुटुंबे कोणत्या विहिरीवर किंवा कूपनलिकेवर अवलंबून आहेत, पाणी तपासणीचा अहवाल काय सांगतो, सध्या पाणी कुठून आणि किती अंतरावरून आणावे लागते, हे लिहावे. वित्त आयोगाच्या निधीतील काही हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी राखलेला असतो. त्यातून काय तरतूद झाली आणि किती खर्च झाला, हे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येते. ते पाहून, अमुक रक्कम शिल्लक आहे, ती या कामाला द्या, असे लिहिता येते. लोकल फंडाचा निम्मा हिस्सा मागणाऱ्या फुले यांचा मार्ग हाच होता.

उत्तर मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांच्या आत मांडायचा असतो. माझ्या अमुक तारखेच्या निवेदनावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, हा एकच प्रश्न अनेकदा पुरतो. वैयक्तिक तक्रार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठीचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

आमदार, जिल्हा परिषद सदस्य किंवा नगरसेवक भेटले तर वेळ कमी असतो. तेव्हा मागणी एकच ठेवावी, एका पानाच्या कागदावर तारीख आणि सह्यांसह. कागदाची प्रत आपल्याकडे, पोचेसह. पुढच्या भेटीत पुन्हा तोच विषय काढावा. ड्यूकसमोर फुले यांनी नवा विषय शोधला नव्हता.

आणि सह्या कुणाच्या आहेत, हेही पाहावे. पाण्याचे निवेदन असेल आणि त्यावर पाणी भरणाऱ्या एकाही बाईची सही नसेल, शाळेचे निवेदन असेल आणि वस्तीवरच्या पालकांना ते वाचूनही दाखवलेले नसेल, तर फुले यांनी सार्वजनिक सभेला विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू होतो. ताराबाईंनी बुलढाण्यात बसून लिहिले, तेव्हा त्यांना ग्रामसभेत बसण्याचा अधिकार नव्हता. आज महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागेवरच्या सरपंच बाईंच्या नावाने कारभार दुसराच कुणी पाहत असेल, तर तेही ग्रामसभेत विचारण्याजोगे आहे.